मोटर जळली तर जळू दे

बार्देशातलं एक मोठं हॉटेल. पावसाआधी फायर पंपाची चाचणी होती. वीज खात्याच्या लाईनवर पंप विनातक्रार चालायचा, म्हणून सगळे निर्धास्त. मी म्हटलं, मेन पाडा आणि जनरेटरवर दाखवा. आगीच्या वेळी लाईन असेलच, अशी हमी गोव्याच्या पावसाळ्यात कोण देणार?

जनरेटर सेट 250 केव्हीएचा, त्यावर एसी आणि लाँड्री मिळून 230 अँपिअर. पंपाची मोटर 55 किलोवॅटची, स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी कमी व्होल्टेजवर (स्टार) उठते, मग पूर्ण व्होल्टेजवर (डेल्टा) जाते. स्टारमध्ये कण्हत उठली, डेल्टात गेली आणि फीडरचा, म्हणजे पंपाकडे जाणाऱ्या वेगळ्या लाईनचा, 125 अँपिअरचा एमसीसीबी (ब्रेकर) खटकन पडला. हॉटेलच्या वायरमनने त्याच्या मॅग्नेटिकचा, म्हणजे किती प्रवाहाला झटक्यात पडायचं ते ठरवणारा, नॉब टोकाला फिरवला. या खेपेस फीडर टिकला, पण जनरेटरचा मुख्य ब्रेकर गेला. अख्खं हॉटेल काळोखात, लिफ्टमध्ये पाहुणे. चाचणीची नोटीस रिसेप्शनवर लावली होती, वाचतो कोण!

सेटवर भार चढला की व्होल्टेज बसतं. मग मोटर स्टारमध्ये पुरता वेग घेत नाही आणि डेल्टात तिचा प्रवाह रोटर अडकल्यागत उसळतो, पूर्ण भाराच्या 97 अँपिअरच्या सहापट, म्हणजे 580 च्या आसपास. त्यात 230 मिळवा. मुख्य ब्रेकर 700 वर पडणारा, तोही विनाविलंब.

फीडरवरचं ओव्हरलोड, म्हणजे जादा भार झाला की मोटर बंद पाडणारं संरक्षण, काढा म्हटल्यावर मेंटेनन्सवाले साहेब चमकले. ‘‘अहो, मोटर जळेल ना!’’

‘‘जळू दे. पाणी जाईपर्यंत चालली की झालं.’’

त्यांना पटायला वेळ लागला. एरवी आपण मोटर वाचवतो. इथे संरक्षण फक्त शॉर्ट सर्किटपुरतं. अमेरिकेच्या एनईसी या वीज-नियमावलीतलं फायर पंपांचं कलम 695 याच विचारावर उभं आहे.

पण नॉब नुसता वर नेणं हेही उत्तर नव्हे. वीज खात्याच्या लाईनवरचा ट्रान्सफॉर्मर शॉर्टमध्ये हजारोंनी अँपिअर ओततो. जनरेटरचा प्रवाह पहिल्या काही सायकलींनंतर झपाट्याने उतरतो. या सेटचा पूर्ण भार 348 अँपिअर, आणि त्याचा अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) शॉर्टमध्ये जेमतेम तिप्पट टिकवून धरतो, साधारण 1,040. ब्रेकर 1,200 वर ठेवला तर केबल जळत राहील आणि तो ढिम्म हलणार नाही. म्हणजे 580 आणि 1,040 यांच्यामध्येच काय ते बसवायचं.

पंपाचा फीडर मुख्य ब्रेकरच्या आधी, थेट अल्टरनेटरच्या बाजूने घेतला. त्यावर इलेक्ट्रॉनिक रिलीजचा ब्रेकर, ओव्हरलोड बंद, शॉर्ट-टाईम (शॉर्टवर किंचित थांबून पडण्याची पातळी) 800 वर आणि 0.2 सेकंदाचा विलंब. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले फक्त घंटा वाजवेल असा जोडला. पंपाला हुकूम मिळाला की एसीचा भार आधी सुटतो. स्टारमधून डेल्टात नेणारा टायमरही थोडा वाढवला.

पुढच्या चाचणीला पंप एका दमात उठला. मॅनेजर मात्र विचारत राहिले, ‘‘दर चाचणीला पाहुण्यांचा एसी असाच बंद होणार?’’

होणार, म्हटलं, आणि तसं लॉगबुकातही लिहून दिलं.