टाकीचं झाकण: बटण दाबलं की नुसता ‘टिक’

पेट्रोलचा काटा पावच्या खाली गेला आणि नेमकं तेव्हाच झाकण उघडेना. बटण दाबलं की डॅशबोर्डखाली रिले (बटणाच्या छोट्या करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच) ‘टिक’ करतो, मागे मात्र सामसूम. खरं तर आधीचे दोन आठवडे ते तीन-चारदा दाबल्यावरच उघडत होतं. पण स्वतःचं दुखणं अंगावर काढायची सवय आपण गाडीलाही लावतो, त्यातली गत.

पहिल्या संध्याकाळी दुरुस्तीचा विचारच केला नाही, आधी टाकी भरायची सोय पाहिली. डिकीत टाकीच्या बाजूच्या अस्तरामागे आणीबाणीची दोरी असते. सगळ्या गाड्यांना नसते, म्हणून आधी हँडबुक बघा. माझ्या गाडीत ती निघाली. दोरी सरळ रेषेत, हळू ओढायची. हिसका दिला तर प्लास्टिकचा आकडा तुटतो आणि मग तोही मार्ग बंद. झाकणाच्या फटीत पेचकस घालून उचकटायचा मोह मलाही झाला होता. त्यात रंग जातो, बिजागरी वाकते, आणि मूळ बिघाड आहे तिथेच राहतो.

दोरी नसेल तर एक युक्ती: एकाने बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने त्याच वेळी झाकण तळहाताने आत रेटून सोडायचं. लॅच, म्हणजे झाकण धरून ठेवणारा खटका, स्प्रिंगच्या ताणाखाली अडकला असेल तर एवढ्यानेही सुटतो. माझा सुटला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी फ्यूज. टेस्ट लॅम्प (करंट पोचतो का ते दाखवणारा छोटा दिवा) फ्यूजच्या दोन्ही टोकांना पेटला, म्हणजे तो शाबूत. रिलेचा आवाज येत होता, म्हणजे बटण आणि रिलेची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) ठीक. मात्र आवाज आला म्हणून रिलेचे आतले पॉइंटही, म्हणजे मोटरचा करंट जोडणारे संपर्क, ठीक आहेत असं होत नाही, ते वेगळं तपासावं लागतं. अस्तर पूर्ण काढलं, झाकणाच्या मोटरचा कपलर (वायरींचा जोड) सोडवला आणि मल्टिमीटर लावला. घरच्यांपैकी एकाला बटणापाशी बसवलं होतं. दाबलं की १२.४ व्होल्ट, सोडलं की शून्य.

झालं, मोटर गेली! असं म्हणत ती सोडवली, गाडीपासून लांब टेबलावर नेली आणि वेगळ्या बॅटरीवर फ्यूज घातलेल्या वायरने क्षणभर करंट दिला. झाकण अडकवणारी पिन खटकन आत गेली. पुन्हा दिला, पुन्हा खटकन. (हा प्रयोग टाकीच्या तोंडाजवळ करू नका. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ, पुढचं सांगायला नको.)

व्होल्टेज आहे, मोटर चांगली आहे, आणि दोन्ही जोडले की काही होत नाही. त्या रात्री नवीन मोटर मागवायच्या बेतात होतो. मागवली असती तर तीही तशीच गप्प बसली असती.

तिसऱ्या संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला, तोही बल्बमुळेच. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरची एकच तार शिल्लक असली किंवा सांधा गंजला असला, तरी तो खुशाल १२ दाखवतो. वायरची परीक्षा ओझं टाकल्यावरच होते. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मोटरच्या जागी कपलरला जोडला. १२ व्होल्टवर तो साधारण पावणेदोन अँपियर घेतो. बटण दाबलं तर बल्ब निखाऱ्यासारखा नुसता लालसर झाला, आणि त्याच्या दोन टोकांत मीटरने ४.१ दाखवले.

मग उरलेले ८.३ व्होल्ट गेले कुठे? बटण दाबलेलंच ठेवून बॅटरीच्या प्लसपासून कपलरच्या प्लसपर्यंत मोजलं: ०.४. ते चालण्यासारखं, आणि रिलेचे पॉइंटही त्यातच निर्दोष सुटले. बॅटरीच्या मायनसपासून कपलरच्या अर्थपर्यंत (पत्र्यातून करंट परत नेणाऱ्या वायरपर्यंत) मोजलं: ७.९. चांगल्या अर्थिंगमध्ये हा आकडा ०.१-०.२ च्या आसपास असायला हवा. चोर सापडला.

अर्थची वायर चाचपडत गेलो तर मागच्या दिव्याखाली पत्र्याला लावलेला एक स्क्रू मिळाला. त्यावरची रिंग हिरवी पडलेली, खाली तांबूस गंज. त्याच स्क्रूवर नंबर प्लेटच्या दिव्याचाही अर्थ होता, आणि तो दिवा कित्येक महिने मंद जळत होता! मी तो बल्ब दोनदा बदललाय. तेव्हाच वायर धरून मागे गेलो असतो तर या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

बॅटरीचा मायनस काढून रिंग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, स्क्रू घट्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली फासली. बल्ब लखलखीत पेटला. मोटर जोडली, बटण दाबलं, झाकण टपकन उघडलं. उगाचच सहा-सातदा उघडून पाहिलं.

ज्यांच्या मोटरला दोनच वायर आहेत आणि लॉक-अनलॉकला प्लस-मायनस उलटतात, त्यांना ही अर्थची मोजणी जशीच्या तशी लागू नाही. तिथे दोन्ही वायरी कंट्रोल युनिटकडे जातात. दाबून उघडणारं झाकण असेल तर ते सेंट्रल लॉकवर चालतं. कान लावून लॉक-अनलॉक करा, पिनचा आवाज येतो का बघा. आणि प्लग-इन हायब्रिडवाल्यांनी बटण दाबल्यावर थोडं थांबावं. टाकीतला दाब उतरल्याशिवाय झाकण सुटत नाही, तो बिघाड नव्हे.

चौथ्या संध्याकाळी किरकोळ कामं. झाकणाच्या खोबणीतलं पाणी जायचं भोक मातीने बुजलं होतं, ते नायलॉनच्या दोऱ्याने मोकळं केलं. पिनवर सिलिकॉन स्प्रे मारला. ग्रीस लावलं की धूळ चिकटते आणि वर्षभरात पिन पुन्हा जड होते.

आता प्रश्न एवढाच की त्या स्क्रूपर्यंत पाणी आलं कुठून. संशय मागच्या दिव्याच्या रबरावर आहे. अस्तर अजून बसवलेलं नाही. स्क्रूखाली टिश्यू पेपर चिकटवून ठेवलाय. उद्या गाडी धुतल्यावर तो ओला होतो का ते बघतो.