कास पठारावर एका हाताच्या जागेत तीन तास

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, कासला जाऊन आले. वार मुद्दाम सांगते. शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटातच वेळ जातो आणि कीटकांची सकाळ हातची निघून जाते. साताऱ्याहून कास पंचवीसेक किलोमीटर. ऑनलाइन नोंदणी आधीच करा आणि पहिलीच वेळ धरा. गारव्याने कीटक जडावलेले असतात, ऊन चढलं की कुणी थांबत नाही.

पहिला अर्धा तास मी वाया घालवला. तेरड्याचा जांभळा गालिचा बघून उभ्यानेच फोटो काढत सुटले. वारा होता, सगळे फोटो हललेले. मग एक कातळ बघून खाली बसायला गेले, तर राखणीला असलेले गावातले काका म्हणाले, "ताई, हितं नका बसू, खाली गेंद हाय." खरंच, माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर गेंदाची पांढरी बोंडं होती. काकांनीच वाटेकडेची उघडी जागा दाखवली. तिथे जाड प्लॅस्टिक अंथरलं आणि पुढचे तीन तास उठलेच नाही.

समोर सीतेची आसवे होती. निळसर जांभळं, नखाएवढं फूल, दिसायला अगदी गरीब. पण ओल्या मातीत तिचे बारीक फुगे दडलेले असतात. फुग्याच्या तोंडाशी असलेल्या केसांना एखादा सूक्ष्म जीव लागला, की क्षणार्धात पाण्यासकट आत ओढला जातो. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती. तिच्या पानावरच्या चिकट थेंबात एक चिलट अडकलेलं, एक पाय अजून हलत होता. जांभ्याच्या कातळावर जेमतेम बोटभर माती, तिच्यात नत्र कमी. ते या वनस्पती कीटकांकडून मिळवतात. दवबिंदूचा फोटो सूर्याकडे तोंड करून, रोपाच्या पाठीमागून येणाऱ्या उजेडात काढा. तरच ते थेंब काचेसारखे पेटतात.

माझा सगळ्यात आवडता फोटो मात्र तेरड्याचा. निळ्या पट्ट्यांची एक माशी फुलासमोर अधांतरी थांबायची, सोंड आधीच बाहेर काढलेली, आणि मग आत शिरायची. तिच्यामागे कॅमेरा फिरवून काही मिळालं नाही. ती त्याच झुबक्यावर परत परत येते हे लक्षात आल्यावर मी एका फुलावर फोकस पक्का करून वाट बघत बसले. शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी नको, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) खुशाल ८०० ते १६०० ठेवा. बसलेल्या कीटकाला एफ/८ ते एफ/११ एवढं लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पुरतं. डोळा स्पष्ट हवा, बाकी थोडं धूसर चालतं.

१०० मिमीची मॅक्रो (बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी) लेन्स उत्तम, कारण किड्यापासून जरा लांब राहता येतं. मोबाइलला लावायची चिमट्याची लेन्सही चालते, पण फार जवळ जावं लागतं. ती गेंद, आभाळी, कवला अशा फुलांसाठी ठेवा. फ्लॅशवर बटर पेपर लावा, नाहीतर ओल्या पाकळ्यांवर पांढरे डाग येतात. ट्रायपॉड मी गाडीतच ठेवला, त्याचे तीन पाय कुठेतरी रोपांवरच पडणार. तांदळाची छोटी पिशवी कॅमेऱ्याखाली घेतली, पुरली. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. बूट पक्क्या पकडीचे हवेत, शेवाळलेला जांभा फार घसरडा असतो.

आणखी एक, हे कळकळीने सांगते. फूल वळवून धरू नका, आड येणारं गवत उपटू नका, किड्यावर पाणी शिंपडून दव आणू नका. कंदीलपुष्प किंवा एखादं दुर्मिळ आमर (ऑर्किड) दिसलं, तर फोटो जरूर दाखवा, नेमकी जागा सांगू नका. कंदासाठी उकरणारे असतात.

साडेदहानंतर माणसं वाढली, वाराही वाढला. मी कॅमेरा बंद केला आणि कास तलावाकडे चालत गेले. एसटीने येणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ साताऱ्याच्या स्टँडवरच विचारून निघा. पठारावर मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.