ओटीवरचा दिवा कुणी बंद केला?

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये माझे हे सातवे वर्ष आहे. फिलिप्स ही कंपनी 1891 साली याच गावात निघाली आणि इथले लोक आजही आपल्या गावाला दिव्यांचे शहर म्हणतात. माझ्या कचेरीत मात्र दिव्याचे एकही बटण नाही. छतातला सेन्सर माणसाच्या अंगच्या उष्णतेची हालचाल टिपतो, त्यामुळे संध्याकाळी एकटाच स्तब्ध बसून राहिलो की काळोख होतो आणि मला आरती ओवाळल्यासारखे हात हलवावे लागतात.

अशा सवयी लागलेला मी मागच्या गणपतीत गुहागरच्या घरी सहा स्मार्ट बल्ब घेऊन गेलो. आमच्या माजघरात आठ बटणांचा एकच बोर्ड आहे. त्यावर कुठे काही लिहिलेले नाही. पण देवघराचे बटण आईच्या कुंकवाच्या बोटांनी तांबूस झाले आहे, पडवीचे अर्ध्यात अडकते, तिसऱ्याने काहीच लागत नाही, आणि तरीही अंधारात कुणाचे बोट चुकत नाही. स्मार्ट बल्बसाठी मात्र ही बटणे कायम चालू ठेवावी लागतात, कारण भिंतीवर वीज तोडली की बल्ब फोनला सापडत नाही. शिवाय झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीचे हे बल्ब निरोप एकमेकांकरवी पुढे धाडतात, त्यामुळे आईने झोपण्यापूर्वी शिस्तीत पडवीचा दिवा बंद केला की पलीकडचा, खळ्यातला बल्बही माझे ऐकेनासा होई. मी बटणांवर चिकटपट्टी लावली. काकूने दुसऱ्याच दिवशी बोर्ड पुसताना ती काढून टाकली.

तिसऱ्या रात्री वाऱ्यापावसात लाइट गेली आणि दोनच्या सुमारास परत आली. वीज आल्यावर बल्बांनी काय करायचे, ही सेटिंग मी बदललीच नव्हती, त्यामुळे सहाही बल्ब पूर्ण उजेडात लागले आणि माजघरात झोपलेली चौदा माणसे उठून बसली. बाबांनी शांतपणे विचारले, "विसर्जनाला निघायचं का?"

बल्बांना दोष देण्यात अर्थ नव्हता. बोर्ड साऱ्या घराचा होता आणि अ‍ॅप एकट्या माझ्या फोनवर होते. इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, याची मला अजून लाज वाटते. शेवटी वायरमनने प्लगसाठी आलेल्या न्यूट्रलचा, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेचा, आधार घेऊन बोर्डामागे छोटे रिले, म्हणजे फोनवरूनही चालणारे स्विच, बसवले आणि जुने साधे बल्ब परत लावले. आता बटणही चालते आणि फोनही. ज्याची आज्ञा शेवटची, त्याचे खरे.

इथे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा गुहागरला सात झालेले असतात, आणि ओटीचा दिवा लागल्याची खूण फोनवर उमटते. परवा एका डच सहकाऱ्याला गंमत दाखवावी म्हणून मी तो इथून बंद केला. क्षणात तो पुन्हा लागला. मी पुन्हा बंद केला, पुन्हा लागला, आणि लगेच आईचा फोन आला, "दिवेलागणीला दिवा घालवू नकोस रे!"