पोस्टरवरची गिटार आणि टेपवरची गिटार

जूनच्या नोंदीत मी लिहून ठेवलं होतं की काहीही झालं तरी दिवाळीला स्ट्रॅटोकॅस्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, थोडक्यात ‘स्ट्रॅट’) घ्यायची. पिंक फ्लॉइडच्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागातला सोलो, म्हणजे गिटारचा एकटीचा तुकडा, माझ्या जुन्या गिटारवर तसा वाजतच नव्हता. ते पैसे आता बाजूलाच राहणार आहेत.

पिंक फ्लॉइडचा गिटारिस्ट डेव्हिड गिल्मर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर त्याची काळी स्ट्रॅट येते. २०१९ मध्ये ती लिलावात सुमारे ४० लाख डॉलरला गेली, त्यामुळे तर ती आणखीच डोक्यात बसली. पण हा सोलो तिच्यावर वाजवलेलाच नाही. त्यासाठी त्याने १९५५ ची सोनेरी लेस पॉल (गिब्सन कंपनीची गिटार) घेतली, पी-९० पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपणारा भाग), आणि ती थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलला जोडली. ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) आवाज त्यावर नंतर चढवला. हे वाचल्यावर मी हेडफोन लावून तो सोलो पुन्हा ऐकला. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, तारेवर आपटल्याचा ‘टक्’ अगदी कानाजवळ येतो, आणि त्याच्यामागून गोल, जाड स्वर. इतकी वर्षं तो ‘टक्’ कानावर पडत होता आणि माझं लक्ष नव्हतं.

मग शोधायची सवयच लागली. लेड झेपलिनचा गिटारिस्ट जिमी पेज याच्या हातातली दोन नेकची गिब्सन पोस्टरवर बघत आपण वाढलो, पण त्या बँडच्या १९७१ च्या अल्बममधला ‘स्टेअरवे टु हेवन’चा सोलो टेलिकास्टरवरचा, म्हणजे फेंडरच्याच दुसऱ्या गिटारवरचा आहे. गिटारिस्ट जेफ बेकने भेट दिलेली ती टेलिकास्टर. १९६९ चा पहिला अल्बमही बहुतेक तिच्यावरच झाला, तरी ऐकताना माझ्या मनात कायम लेस पॉलच असायची. दोन नेकची गिटार स्टेजसाठी होती, कारण बारा तारा आणि सहा तारा एकाच गाण्यात लागायच्या आणि मध्ये गिटार बदलायला वेळ नसायचा.

एसी/डीसीच्या माल्कम यंगबद्दल तर मी हट्टानेच बोलणार. लोक त्याच्या भावाला, लीड गिटार वाजवणाऱ्या अँगसला बघतात, पण तो बँड उभा राहिला माल्कमच्या उजव्या हातावर. त्याच्या ग्रेच गिटारमध्ये शेवटी ब्रिजजवळचा (तारा खाली टेकतात तिथला) एकच पिकअप उरला होता, तारा जाड, आणि डिस्टॉर्शन (आवाजातली खरखर) आपल्याला वाटतं त्याच्या निम्मंही नाही. ‘बॅक इन ब्लॅक’ची रिफ (परत परत येणारी गिटारची ओळ) गेन, म्हणजे ती खरखर वाढवणारी खुंटी, पूर्ण चढवून वाजवून बघा, चिखल होतो. गेन उतरवला की प्रत्येक कॉर्ड सुटा होतो आणि मधल्या शांततेला वजन येतं. माझ्या मते रॉकमध्ये त्याच्याहून चांगला रिदम गिटारिस्ट झालेला नाही.

आता माझ्या गिटारचं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्यात पाऊस लागला आणि चार दिवसांत ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर गेली. पहिल्या फ्रेटवर (नेकवरची आडवी धातूची पट्टी) कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहिलं. एक कार्ड जेमतेम जायला हवं, तिथे तीन आरामात गेली. म्हणजे नेकला बाक आला होता. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) पाव फेरा आवळला, रात्रभर तसाच ठेवला, सकाळी पुन्हा मोजलं, मग आणखी थोडा. एका बैठकीत अर्धा फेरा कधीच देऊ नका, लाकडाला वेळ लागतो. नंतर ब्रिजचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, उतरवले. बाराव्या फ्रेटवर जाड ई तार २.६ मिलिमीटर होती, ती १.८ वर आणली. गंजलेल्या तारा काढून नव्या चढवल्या, आणि केसमध्ये आता सिलिका जेलच्या पुड्या असतात. एवढ्यानंच निम्मी तक्रार संपली.

उरलेली निम्मी बोटांत होती. सोलो डी मायनरमध्ये, दहाव्या फ्रेटच्या पोझिशनपासून मांडता येतो. स्वर पाठ व्हायला आठवडा लागला. पण बेंड, म्हणजे तार ओढून स्वर चढवणं! आधी मी तिसऱ्या बोटाने तार ढकलत होतो. आता मागे पहिलं-दुसरं बोट टेकवतो आणि दाराची मूठ फिरवावी तसं मनगट फिरवतो. बेंड करायच्या आधी दोन फ्रेट वरचा स्वर साधाच वाजवून कानात घ्यायचा, मग तिथपर्यंत तार ओढायची. स्वर अचूक लागून ट्यूनर हिरवा व्हायला लागला तेव्हा मला वाटलं, झालं.

ऑगस्टमध्ये आत्या राहायला आली. ती चाळीस वर्षं गाणं शिकवते, रॉक तिने कधी ऐकलेलं नाही. मी खोलीत वाजवत होतो, ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “पोचतोयस रे, पण पोचल्यावर थांबत नाहीस. लगेच हलवायला लागतोस.” मग तिने तो स्वर गाऊन दाखवला: आधी सरळ, स्थिर, आणि मग आंदोलन.

तिने बोट ठेवलं ते नेमकं दुखऱ्या जागेवर. साध्या दाबलेल्या स्वरावर तार हलवली की सूर फक्त वर जाऊन परत येतो. ओढून धरलेल्या स्वरावर व्हायब्रेटो (स्वर हलवणं) खाली सैल सोडायचा असतो आणि दर वेळी पुन्हा त्याच उंचीवर आणायचा असतो. उंची आधी पक्की नसेल तर परत येणार कुठे? गिल्मर हे फार सावकाश करतो. स्वर लागतो, क्षणभर तसाच राहतो, मग हलतो. आता मी दर बेंडनंतर मनात ‘एक’ म्हणतो आणि मगच मनगट हलवतो.

आत्याला त्या रात्री मी १९७२ ची मुंबईची रेकॉर्डिंग ऐकवली. पेज आणि लेड झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट इथे येऊन इथल्या वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ वाजवून गेले होते. ती अधिकृतपणे बाहेर आली थेट २०१५ मध्ये. मला त्यातलं ‘फ्रेंड्स’ मूळ अल्बममधल्यापेक्षा जास्त आवडतं, विशेषतः व्हायोलिनवाले स्वरावर घसरत येतात ती जागा. आत्याने ती दोनदा लावायला सांगितली.

सप्टेंबरची स्थिती अशी: मूळ गाणं मिनिटाला साधारण १०४ ठोक्यांचं आहे, मी ८५ वर स्वच्छ वाजवतो. ९२ वर शेवटच्या ओळीतला मोठा बेंड अजून बसका लागतो, कारण त्याच्या आधीच्या वळणावरून बोटं वेळेत जागेवर येत नाहीत. तेवढे चार ठोके वेगळे काढून रोज वीस मिनिटं चालू आहेत, ॲम्प न लावता. जूनमध्ये बाजूला काढलेल्या पैशांतून फक्त तारांचे तीन सेट घेतले.