शर्टाची किंमत नऊ पौंड पंधरा पेन्स

मी मूळची कराडची, शिकले मराठी मीडियममध्ये, आणि इंग्रजी कानात शिरलं ते शाळेपेक्षा क्रिकेटच्या कॉमेंट्रीने जास्त, हे आधीच सांगून टाकते कारण पुढे त्याचा संबंध येतो. २०२२ ला चिनी सरकारची स्कॉलरशिप मिळाली, वुहानला अप्लाइड लिंग्विस्टिक्समध्ये मास्टर्स. पहिलं सेमिस्टर घरी बसून ऑनलाइन काढलं, मग २०२३ च्या फेब्रुवारीत एकदाची पोचले. थिसिससाठी विषय घेतला तो ऐकायला अगदी साधा. चिनी हायस्कूलच्या पोरांना इंग्रजी वाचून जेवढं कळतं तेवढं ऐकून कळतं का. एवढंच. दीड वर्ष गेलं त्यात.

आधी परीक्षेचं सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. गाओकाओ म्हणजे बारावीनंतरची त्यांची कॉलेज प्रवेशाची परीक्षा, २०२३ ला १ कोटी २९ लाख पोरं बसली होती. इंग्रजीचा पेपर १५० मार्कांचा आणि दोन तासांचा, त्यात हुबेईला (वुहान ज्या प्रांतात आहे तो) जो पेपर असतो त्यात लिसनिंगला ३० आणि रीडिंगला ५०. लिसनिंगमध्ये २० प्रश्न, पहिली पाच छोटी संभाषणं एकदाच वाजतात, पुढची लांबलचक दोनदा. रीडिंगमध्ये नेहमीचे उतारे असतात आणि वर एक 'सातातून पाच' नावाचा प्रकार, म्हणजे उताऱ्यात पाच जागा रिकाम्या आणि खाली सात वाक्यं, कुठलं कुठे बसतं ते शोधा, दोन उरलेली फसवायला. मला स्वतःला हा प्रकार भारी आवडतो, त्यात खरंच वाचावं लागतं.

आणि ते शर्टाचं. जुन्या पेपरांत लिसनिंगच्या सूचनेत एक नमुना प्रश्न छापलेला असायचा, शर्ट केवढ्याला आहे, आणि उत्तर नऊ पौंड पंधरा पेन्स. वर्षानुवर्षं तेच शर्ट तीच किंमत. आपल्याला जशी पुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा झोपेत म्हणता येते तसं तिकडे हे, जोक करायचा असला की कुणीही हे वाक्य टाकतं. मला पहिल्यांदा हॉस्टेलच्या एका चिनी मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं पंधरा वर्षांत महागाई नाही का झाली, ती म्हणाली परीक्षेत महागाई नसते.

तर शाळेची परवानगी. शहराच्या बाहेरच्या बाजूची एक सरकारी हायस्कूल, नाव नाही लिहीत. माझ्या गाइडची एक जुनी विद्यार्थिनी तिथे इंग्रजी शिकवते म्हणून दार उघडलं, नाहीतर परदेशी बाईला हायस्कूलच्या गेटमधून आत जाणंच अवघड, वॉचमनकाका दर वेळी पासपोर्टचा फोटो काढायचे, अगदी सहाव्यांदा गेले तेव्हापण. पालकांची संमती वीचॅटच्या (तिकडचं व्हॉट्सअ‍ॅप) ग्रुपवर घेतली. टायमिंग मिळालं संध्याकाळच्या सेल्फ स्टडीतलं, कारण दिवसा पोरांना श्वास घ्यायला वेळ नाही, सकाळी मोठ्याने पाठांतर, मग तास, दुपारी डुलकी, परत तास, आणि जेवून आल्यावर रात्री दहापर्यंत वर्गात बसून अभ्यास. वर्ग 'गाओ-अर' म्हणजे आपली अकरावी, ५२ पोरं. ज्या लाओशींचा (लाओशी म्हणजे बाई किंवा सर, दोन्हीला एकच) हा वर्ग होता त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "चाळीस मिनिटं देते. एक्केचाळीस नाही." मला आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईच आठवल्या.

आता टेस्ट बनवणं. दोन उतारे घेतले, साधारण सारख्याच लांबीचे आणि सारख्याच अवघड शब्दांचे, प्रत्येकाला १२ प्रश्न, प्रत्येकी तीन ऑप्शन. प्लॅन असा की अर्धी पोरं पहिला ऐकणार आणि दुसरा वाचणार, उरलेली उलटं, म्हणजे एक उतारा मुळातच सोपा निघाला तरी हिशोब चुकत नाही. कागदावर एकदम झकास.

ऑडिओ मी स्वतःच रेकॉर्ड करायला बसले. हॉस्टेलसमोर बांधकाम चालू होतं, सकाळी साडेसातपासून ड्रिल, वाक्य संपत आलं की घर्रर्र. रात्री अकरानंतर रजई डोक्यावर घेऊन मोबाइलवर केलं शेवटी, घामाघूम, एक वाक्य नऊ नऊ वेळा. मोठ्या अभिमानाने लाओशींना ऐकवलं तर त्या बराच वेळ गप्प आणि मग म्हणाल्या, "तुमचा आवाज गोड आहे." चीनमध्ये असं सुरू झालं की समजायचं पुढे नकार आहे. त्यांचं म्हणणं, पोरांच्या कानाला ब्रिटिश नाहीतर अमेरिकन सोडून काही पडलेलं नाही, तुमचा 'ट' आणि 'व' ऐकूनच निम्मी गोंधळतील, मग तुम्ही इंग्रजी तपासताय की इंडियन अ‍ॅक्सेंट? मला राग आला, खोटं कशाला बोलू. जगात इंग्रजी बोलणारे आमच्यासारखेच जास्त आहेत असं काहीतरी मी बडबडले पण. पण रात्री विचार केला तर मुद्दा बरोबरच होता, मला जे मोजायचं नाही तेच मोजलं गेलं असतं. युनिव्हर्सिटीतल्या एका इंग्लंडच्या क्लासमेटला दोन वेळा जेवण खाऊ घालून त्याच्याकडून रेकॉर्ड करून घेतलं.

खरा दणका पायलटला, म्हणजे खऱ्या टेस्टआधीच्या रंगीत तालमीला, बसला. गाइडने सुचवलं होतं की एका वेगळ्या वर्गाला फक्त प्रश्न दे, उतारा देऊच नको, ना ऐकायला ना वाचायला. मला वाटलं टाइमपास आहे. तीन ऑप्शन म्हणजे नुसता अंदाज मारला तर बारातले चार बरोबर यायला हवेत. सरासरी आली साडेसहाच्या वर! एका पोराला तर नऊ. उतारा न बघता!! मी त्याला विचारलं कसं काय रे, तर त्याने अगदी शांतपणे, जसं काही मलाच शिकवतोय, समजावून सांगितलं की 'ओन्ली' किंवा 'ऑलवेज' असलेला ऑप्शन बहुतेक चूक असतो, दोन ऑप्शन एकमेकांच्या उलट असले की तिसरा सोडून द्यायचा, उताऱ्याचं टायटल पाचव्या प्रश्नातून कळतं आणि ते कळलं की पहिला प्रश्न सुटतो. दर आठवड्याला चाचणी आणि दर महिन्याला परीक्षा देणारी पोरं ती, प्रश्न काढणाऱ्याची चाल ओळखतात. मी काढलेले सात प्रश्न कचऱ्यात गेले.

मग गाइडने दुसरा प्रश्न टाकला जो आजपण माझ्या डोक्यातून जात नाही. लिसनिंगच्या प्रश्नांचे ऑप्शन कुठल्या भाषेत आहेत? इंग्रजीत. म्हणजे पोर ऐकतंय का वाचतंय? पाच सेकंदांचा पॉज, त्यात तीन ऑप्शन वाचायचे, मग ऐकायचं, आणि वाचायला हळू असलेलं पोर तिसऱ्या ऑप्शनवर असतानाच संभाषण संपलेलं असतं. कान ठीकठाक असला तरी मार्क गेले, आणि ते जाऊन पडणार 'लिसनिंग कच्चं' या खात्यात. उलट वाचायला तरबेज पोर ऑप्शनवरूनच निम्मी गोष्ट जुळवतं. म्हणजे लिसनिंगची टेस्ट ही बऱ्यापैकी रीडिंगचीच टेस्ट, वेगळ्या टोपीत. मी ठरवलं की प्रश्न आणि ऑप्शन दोन्ही भागांत चिनीत छापायचे, फक्त उतारा इंग्रजी. लाओशी नाराज झाल्या, "गाओकाओत असं नसतं, पोरांची सवय मोडेल." दोन दिवस वीचॅटवर हळूहळू, भरपूर हसरे चेहरे टाकत वाद. शेवटी त्या म्हणाल्या की एकदाच चालेल, आणि प्रश्नांची चिनी भाषा त्यांनीच तपासून दिली, माझ्या चिनीत तीन चुका निघाल्या, त्यातली एक लाजिरवाणी होती, ती इथे नको.

मार्च २०२४, गुरुवार संध्याकाळ. विषम नंबर त्याच वर्गात, सम नंबर शेजारच्या रिकाम्या वर्गात, तिकडे माझी एक ज्युनियर स्पीकर घेऊन. पोरांच्या हातात पेन्सिली तयार, एकजण तर चार टोक काढून घेऊन बसलेला. कुणी मान वर करत नाही, कुणी शेजारी बघत नाही, मी आयुष्यात एवढा शांत वर्ग बघितला नव्हता. दुसऱ्यांदा वाजवत होते, अगदी शेवटचा पॅरा, आणि शाळेची बेल! बेल म्हणजे टणटण नाही, पियानोची अख्खी धून, वीस-बावीस सेकंद. त्या दिवशी संध्याकाळचं वेळापत्रक बदललेलं होतं आणि ते मला सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझा चेहरा पडला. पोरं मात्र ढिम्म, एकानेही डोकं उचललं नाही, ऐकू येईल तेवढं ऐकून गोल काळे करत राहिली. त्या पॅरावरचे दोन प्रश्न दोन्ही वर्गांतून आणि वाचणाऱ्यांच्या बाजूनेसुद्धा रद्द करावे लागले, सारखेपणा ठेवायचा म्हणून.

रिझल्टचं काय सांगू. अपेक्षा होती की फरक पडेल, पण एवढा? तोच उतारा, तेच प्रश्न, वाचणाऱ्यांना दहातले आठ आणि ऐकणाऱ्यांना पाच, असं चित्र. त्यातही सरासरीपेक्षा मला कागदावरचे दोन ठिपके जास्त आवडले. एक मुलगी, तालुक्याच्या गावाहून येऊन हॉस्टेलला राहणारी, वाचण्यात वर्गात पहिली आणि ऐकण्यात जवळजवळ तळाला. आणि एक मुलगा, शहरातला, बास्केटबॉलवेडा, अमेरिकन मॅचेस बघणारा, त्याचं बरोबर उलट. दोघांचे एकूण मार्क सारखेच! एकाच आकड्यात दोन वेगळी माणसं. माझी सहानुभूती कुणाकडे होती ते कॉमेंट्रीवाल्यांना सांगायला नको.

नंतर आठ पोरांना एकेक करून बसवलं, ऑडिओ वाक्या-वाक्याला थांबवून विचारलं काय ऐकू आलं. हा भाग खरं तर अख्ख्या थिसिसपेक्षा भारी होता. 'आस्क्ड हिम' हे दोन्ही शब्द दुसरी-तिसरीच्या लायकीचे, पण बोलताना त्याचं 'आस्टिम' होतं आणि आठातल्या सहा जणांना तो नवीनच शब्द वाटला, एकीने तर वहीत लिहून घेतला, घरी जाऊन डिक्शनरीत बघते म्हणाली. कारण सकाळच्या पाठांतरात ते शब्द सुटे सुटे म्हणतात, यादीतून, आणि बऱ्याच याद्या 'अबँडन'पासून सुरू होतात, तोही एक राष्ट्रीय जोक आहे, की पहिलाच शब्द 'सोडून दे'. दुसरं म्हणजे मँडरिनमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रमाण चिनीत, अक्षराच्या शेवटी स्वर नाहीतर 'न्' किंवा अनुनासिक 'ङ्', बाकी व्यंजन येत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे 'वर्क', 'वर्क्स', 'वर्क्ड' तिन्ही कानाला एकच. बरं चिनी क्रियापद काळानुसार बदलत पण नाही, म्हणजे शेपटी ऐकायची असते हेच कानाला ठाऊक नाही. आणि बोलताना 'तो' पण 'ता' आणि 'ती' पण 'ता', लिहिताना वेगळं. माझा एक प्रश्न पूर्ण 'ही' आणि 'शी'वर टिकलेला होता, वाचणारे सगळे पास, ऐकणारे सगळे गार.

आकडे तर विचारू नका. त्यांचं मोजणं 'वान'मध्ये, एक वान म्हणजे दहा हजार, त्यामुळे 'वन हंड्रेड अँड ट्वेंटी थाउजंड' ऐकलं की आधी त्याचे बारा वान करायचे, तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात. मी म्हटलं माझंही तेच होतं, आमच्यात एक लाख वीस हजार. फळ्यावर लाखाचे आणि कोटीचे स्वल्पविराम काढून दाखवले तर एवढी हसली पोरं, म्हणे तुमचे स्वल्पविराम दमत नाहीत का. त्या बास्केटबॉलवाल्याने तेवढ्यात स्वतःच्या वहीत आकडे वानमध्ये तोडून, चार-चार शून्यांवर स्वल्पविराम देऊन बघितले आणि म्हणाला हे आमच्यासाठी सोयीचं आहे, पेपरात चालेल का लाओशी? रफ कामाला चालेल म्हटलं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं मग त्यांना नीट ऐकायला शिकवायचं कोणी?" मी म्हटलं लाओशींनी त्यातलं एक उचललंय, सकाळच्या पाठांतरात सुटे शब्द कमी करून आठवड्यातून दोनदा ऑडिओच्या मागोमाग वाक्य म्हणायला लावतात. मार्क वाढले का ते मी मोजलं नाही, माझी चाळीस मिनिटं संपली होती.

थिसिसचा व्हायवा मे २०२५ ला झाला. बेलवर एक अख्खा पॅरा लिहिला होता, एक्झामिनरने नेमका तोच विचारला.

८ जूनला त्या पोरांचा इंग्रजीचा पेपर. लिसनिंग सुरुवातीलाच असतं म्हणून पावणेतीननंतर आत घेत नाहीत, सेंटरच्या आसपास हॉर्न बंद, आवाजाची कामं बंद. आमच्या हॉस्टेलपासून एक सेंटर जवळच होतं. मी खिडकीत बसले होते, सामान बांधणं अर्धवट टाकून. अडीचलाच समोरचं ड्रिल थांबलं, कामगार सावलीत टेकले, एकाने हेल्मेट तोंडावर घेऊन झोप काढली. तीन वाजले. रजई घेऊन रेकॉर्डिंग करायचे तेव्हा अशी शांतता मिळाली असती तर, असं वाटलं खरं. सव्वातीनला बास्केटबॉलवाल्याची आठवण आली, साडेतीनला त्या मुलीची, तोवर तिचं लिसनिंग संपलेलं असणार आणि ती तिच्या आवडीच्या भागात पोचली असणार. पाचला पेपर सुटला, आणि सव्वापाचला घर्रर्र परत चालू.