आईच्या पायांची आग

आज डॉक्टरांनी आईसाठी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशनचं, म्हणजे मज्जारज्जूला सौम्य करंट देऊन दुखणं दाबायचं, सुचवलं, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

शुगर तिला बऱ्याच वर्षांपासून आहे, पण खरे हाल पायांनी केलेत. तळपायांची आग, मुंग्या, मधेच करंट बसल्यासारखी कळ, आणि रात्री तर पांघरुणाचा स्पर्शही नको होतो. वरून बघितलं तर ना सूज ना जखम, त्यामुळे येणारे-जाणारे म्हणतात वयाने होतं असं, तेव्हा मला फार राग येतो. नसांच्या दुखण्यावरची औषधं झाली, पण प्रीगॅबालिनने तिला गुंगी येते, तोल जातो. ड्युलोक्सेटिनने मळमळतं.

या स्टिम्युलेशनमध्ये मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, सुईतून बारीक वायरी सरकवतात आणि कमरेजवळ कातडीखाली बॅटरी बसवतात, मग त्या सौम्य करंटने दुखण्याचे सिग्नल मेंदूकडे जाताना दबतात. मला हे एकदम नवीन वाटलं होतं, पण अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्येच असं यंत्र माणसात बसवलं होतं. डायबेटिसमुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यासाठी तिथल्या एफडीएची (औषधं-यंत्रं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेची) मंजुरी मात्र २०२१ची.

त्याच वर्षी छापलेला एक अभ्यास वाचला, औषधांनी आराम न पडलेले २१६ पेशंट होते. तीन महिन्यांनी यंत्रवाल्यांपैकी ७९ टक्के लोकांचं दुखणं निम्म्याने तरी कमी झालं, नुसत्या औषधांवरच्यांत ५ टक्के. पैसा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि आपल्याला यंत्र बसवलंय हे पेशंटला माहीतच असणार, तेव्हा आकडा थोडा हात राखूनच धरायचा, तरी फरक केवढा आहे!

मला धीर आला तो ट्रायलच्या गोष्टीने. आधी साधारण आठवडाभर बॅटरी बाहेर ठेवून नुसत्या वायरी घालून बघतात, निम्मा तरी आराम पडला तरच पुढचं ऑपरेशन, नाहीतर वायरी काढून टाकतात. आईने लगेच विचारलं, "म्हणजे नाही जमलं तर सुटका आहे ना?" डॉक्टर हो म्हणाले, पण इन्फेक्शन होऊ शकतं, वायर सरकू शकते हेही स्पष्ट सांगितलं, आणि यंत्र शुगर बरी करत नाही, पथ्य, इन्सुलिन, रोज तळपाय तपासणं सगळं तसंच चालू.

खर्च लाखांत आहे. उद्या इन्शुरन्सवाल्यांना फोन करायचा, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करून घ्यायची, आणि रक्त पातळ करायची गोळी किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारायचं. आई ट्रायलला तयार आहे.