दुसऱ्या क्वार्टरबॅकचा हिशेब

मार्च महिना आला की क्लीव्हलँडमधल्या आमच्या टोळक्याचा एक उद्योग सुरू होतो. ब्राउन्स संघाचा कारभार आपल्याच हातात आहे असं समजायचं, एकेकाने एकेक जागा वाटून घ्यायची, कोणाला किती पैशांत घ्यायचं याचा तक्ता करायचा आणि बाकीच्यांकडून त्याच्या चिंध्या करून घ्यायच्या. २०२४ साली माझ्या वाट्याला राखीव क्वार्टरबॅक आला. अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो: प्रत्येक चालीत चेंडू हातात घेऊन पुढे काय करायचं ते ठरवतो तो क्वार्टरबॅक. राखीव क्वार्टरबॅक बहुतेक मोसम टोपी घालून मैदानाच्या कडेला उभा असतो.

आमच्या गावात मात्र या माणसाला हसून चालत नाही. पहिल्या क्रमांकाच्या देशॉन वॉटसनला क्लबने पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर दिलेले, तेही सगळेच्या सगळे हमीचे. २०२३ चा मोसम सुरू होण्याआधी जोशुआ डॉब्स हा अनुभवी राखीव ॲरिझोनाला देऊन टाकला आणि वॉटसनच्या मागे डोरियन थॉम्पसन-रॉबिन्सन हा नवखा पोरगा ठेवला. वॉटसनचा खांदा दुखावला, पोराला बाल्टिमोरच्या रेव्हन्स संघासमोर उभं केलं आणि २८-३ अशी धुलाई झाली. नोव्हेंबरात वॉटसनच्या खांद्याचं हाडच मोडलं. तेव्हा घरी बसलेल्या ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला बोलावलं. त्याने पाच सामन्यांत चार जिंकून दिले आणि संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत गेला. तिथे ह्यूस्टनने ४५-१४ असं लोळवलं, पण गाव फ्लॅकोवर फिदा झालं ते झालंच.

म्हणून माझ्या तक्त्यात एकच नाव असणार, असं सगळे धरून चालले होते.

मी आधी पैशाकडे बघितलं. २०२४ ची सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाने खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा, २५ कोटी ५४ लाख डॉलर. त्यात चांगला राखीव तेव्हा ४० लाखांच्या आसपास मिळायचा. गंमत अशी की मोसमाआधीच्या महिन्यांत सगळ्यात महागडे ५१ करारच मोजले जातात. ४० लाखांचा माणूस आत आला की तळाचा, समजा ७ लाख ९५ हजारांचा, यादीतून खाली घसरतो. म्हणजे बोजा वाढतो ३२ लाख ५ हजारांनीच.

आणखी खाली आणायचा तर डमी वर्षांची युक्ती आहे: एका वर्षाच्या करारात पुढची चार वर्षं नुसती कागदावर जोडायची. पगार फक्त किमान, म्हणजे २०२४ साली सात वर्षं खेळलेल्याला १२ लाख १० हजार. उरलेले २७ लाख ९० हजार साइनिंग बोनस म्हणून सही करतानाच रोख द्यायचे, पण हिशेबात पाच वर्षांवर पसरायचे. पहिल्या वर्षी कॅपवर पडतात १७ लाख ६८ हजार. राहिलेले २२ लाख ३२ हजार पुढच्या वर्षी एकदम मानगुटीवर बसतात. मला ही उधारी पटत नाही. वॉटसनच्या करारातल्या रकमा पुढे ढकलून क्लबने आधीच गळ्यापर्यंत पाणी आणलेलं, त्यात राखीव माणसासाठी आणखी कशाला? मी ही ओळ तांबड्या रंगात रंगवून ठेवली.

दुसरा रकाना सरावाचा. मोसम चालू असताना सरावातल्या जवळपास सगळ्या चाली पहिल्या क्रमांकाचा खेळतो. राखीवाने पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्या बचावफळीला तयारी करून द्यायची. नवख्याला यात स्वतःचं शिकायला काही मिळत नाही. मुरलेला माणूस नुसतं बघूनही तयार राहतो. घरून येऊन दोन आठवड्यांत मैदानात उतरलेला फ्लॅको हा त्याचा ढळढळीत पुरावा. अनुभवी माणूसच घ्यायचा, हे इथे पक्कं झालं.

अडलं ते तिसऱ्या रकान्यात. वॉटसन परत येणार, पहिल्याच चुकीच्या फेकीला स्टेडियम ‘फ्लॅको, फ्लॅको’ करून ओरडणार. २३ कोटींच्या माणसाच्या पाठीमागे गावाचा लाडका उभा करायचा, याची किंमत कुठल्या कॅपमध्ये दिसते? मी लिहिलं: अनुभवी हवा, ४० लाखांपर्यंत, वरचे पैसे तो प्रत्यक्ष खेळला तरच, आणि फ्लॅको नको.

नागपूरचा मित्र भडकला. “काय बे, ज्यानं प्लेऑफ दाखवला त्यालाच घरी पाठवतो? आकडे सोड न, माणूस बघ!”

माणूस बघूनच लिहिलं होतं. बराच वेळ तोंडाला तोंड लागलं, मग काठावरच्या बहुमताने तक्ता पास झाला.

क्लबनेही जेमिस विन्स्टनला घेतलं. एक वर्ष, ४० लाख, सगळे बोनस मिळाले तर ८७ लाख. फ्लॅको इंडियानापोलिसला गेला, हमी ४५ लाखांची, वरची मर्यादा तीच ८७ लाख. आणि तिथे मोसमाच्या मध्यावर पहिल्या क्रमांकाच्या तरुण अँथनी रिचर्डसनला बाकावर बसवून फ्लॅकोला उतरवलं! मी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, नागपूरकराने अंगठाही दिला नाही.

त्यालाही बोलायला जागा होती म्हणा. ऑक्टोबरमध्ये वॉटसनचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि विन्स्टन आला. २०१९ साली टॅम्पात ३३ टचडाउन (गुण मिळवून देणाऱ्या फेकी) आणि ३० इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेलेल्या फेकी) एकाच मोसमात करणारा हा गडी. पहिल्याच सामन्यात रेव्हन्सना हरवलं, बर्फात पिट्सबर्गच्या स्टीलर्सना हरवलं. डेन्व्हरला ४९७ यार्ड फेकले, चार टचडाउन केले, आणि तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले. त्यातले दोन डेन्व्हरवाल्यांनी थेट पळवत नेऊन स्वतःचे टचडाउन केले. सामना ४१-३२ असा गेला. मोसम संपला तेव्हा संघाचे तीन विजय, चौदा पराभव.

२०२५ च्या एप्रिलमध्ये क्लबने फ्लॅकोला परत आणलं, मूळ रक्कम विन्स्टनचीच, ४० लाख. वॉटसन तेव्हा दुसऱ्यांदा अकिलीस तुटून घरी होता. तिसऱ्या रकान्यात लिहायला त्या वर्षी काही नव्हतंच, म्हणून मीही विरोध केला नाही.